वितीखालचा हेकरू

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार, शारजा

कुंदाताईंनी वही आणली. दोनशे पानी, वर गुलाबाचं फूल. म्हणाल्या, "मैमुनाबी, तुम्ही सांगा, मी लिहिते." गेल्या महिन्यात मी दोनदा गॅस चालू ठेवून नमाजाला बसले आणि एकदा लिफ्टमधून उतरून आपलं म्हणून दुसऱ्याच दाराची बेल वाजवली. ते दार समोरच्या कुंदाताईंचं होतं म्हणून अब्रू राहिली. डॉक्टर म्हणाला, रोज कुणाला तरी दिवस सांगत जा. काय रांधलं, कोण आलं, काय बोलणं झालं. मला अक्षर येत नाही. अंगठा येतो. तोही इथे मशीनवर घेतात, शाईसुद्धा वाया जात नाही.

कुंदाताई दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत बावीस वर्षं शिकवत होत्या. शाळा सुटली, चुका काढणं सुटलं नाही. मी बोलते खाडीकाठच्या बाईसारखी आणि त्या लिहिताना माझ्या बोलण्याला इस्तरी करतात. वाचून दाखवतात तेव्हा मला वाटतं, ही कोण बाई, बरीच शहाणी दिसते.

घरात मी, मुलगा गनी आणि त्याची मुलगी तहसीन. सून तिच्या आईच्या पायाचं ऑपरेशन म्हणून रत्नागिरीला गेलीय, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे आणि गॅसवर नजर कुंदाताईंची. गनीची नोकरी दुबईत. राहायचं शारजात, कमवायचं दुबईत आणि आयुष्य घालवायचं मधल्या रस्त्यावर.

वहीतलं बाहेर जायचं नाही अशी शपथ झाली. त्यांनी गणपतीची घेतली, मी अल्लाची. दोन्हीकडून बंदोबस्त असलेला बरा.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज तहसीनबद्दल सांगते. सव्वीस वर्षांची आहे, जन्म इथला. मराठी समजते, बोलते गरजेपुरती, उत्तर इंग्रजीत देते. ती एका हॅचरीत कामाला आहे, उत्तरेला, किनाऱ्यावर. हॅचरी म्हणजे माशांचं बाळंतपणाचं घर. तिथे हामूरची पिल्लं वाढवतात आणि समुद्रात सोडतात, कारण समुद्रातला हामूर लोकांनी खाऊन संपवत आणलाय. हामूर म्हणजे आपला हेकरूच.

पिल्लं कधी सोडायची हे आमची तहसीन ठरवते. कशावरून? आभाळात फिरणारं यंत्र समुद्राचे फोटो काढतं. पाणी कुठे तापलंय, कुठे हिरवं आहे, कुठे लाल शेवाळ पसरलंय, सगळं हिच्या लॅपटॉपवर रंगीत दिसतं. लाल आलं की मासे गुदमरतात. हिरवं थोडं असलं की पिल्लांना खायला मिळतं.

मी म्हटलं, "अगं, त्यासाठी एवढं वर कशाला चढायचं? आज पुनव आहे. उद्या उधाणाची भरती येईल, ओढ असेल. सोडून दे. माझ्या सासूला नव्हता सॅटेलाइट."

ती म्हणाली, "दादी, प्लीज."

प्लीजचा मराठीत अर्थ, गप्प बस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल हॅचरीत समारंभ झाला. तंबू, गालिचे, पाहुणे. तारीख दोन महिन्यांपूर्वी ठरलेली, ती कोण बदलणार? तहसीन सांगत होती की फोटोत लाल पट्टा किनाऱ्याकडे सरकतोय, आठ दिवस थांबू. वरच्यांनी ऐकलं नाही. शेवटी तिच्या मॅडमनी, नबिला त्यांचं नाव, मधला मार्ग काढला. अर्धी पिल्लं पाहुण्यांसमोर सोडायची, अर्धी तहसीन म्हणेल त्या दिवशी. पुढे ज्या अर्ध्यातली जास्त जगतील त्याप्रमाणे नियम करू.

गनीनं जेवताना विचारलं, "पण समुद्रात गेल्यावर ओळखणार कशी, कुठला मासा कुठल्या दिवसाचा?"

"टॅग लावलेत, पप्पा. टॅग म्हणजे..."

मी मध्येच म्हटलं, "कानात बिल्ला अडकवतात तसा? बकरीला असतो. पण बाळा, माशाला कान कुठे असतो ते आधी शोधा."

गनी ठसका लागेपर्यंत हसला. तहसीननं लॅपटॉप मिटला. टॅग म्हणजे काय ते राहूनच गेलं. मला वाईट वाटलं नाही, कारण विनोद चांगला होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिनं उरलेली अर्धी सोडली. लाल पट्टा विरला म्हणे. पण दिवस कुठला निवडला तर भांगेचा. अष्टमी-नवमीचं पाणी, ना चढ ना उतार, मेलेलं. मी म्हटलं, "भांगेला कुणी समुद्रात काही सोडतं का? प्रेतसुद्धा परत येतं."

ती म्हणाली, "दे नीड रेस्ट, दादी. ओढ नको त्यांना. एक दिवस तरी."

पिल्लं केवढी ते तळहात पुढे करून दाखवलं. हातावर मावतील एवढी. दाखवताना हात असा धरला होता जणू त्यात अजून एक होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. गनी झोपला, तहसीन कामावर.

आज एक मासेवाला आला. नाव हमदुल्ला. होडीवर काम करतो. तारेचे मोठे पिंजरे समुद्रात बुडवून ठेवतात, त्यांना गरगूर म्हणतात, त्यातली मासळी थर्माकोलच्या पेटीत घालून बिल्डिंगच्या मागे पार्किंगमध्ये विकतो. मला अम्मा म्हणतो. त्याच्याकडे दोन लहान हेकरू होते. मी वीत लावली. वीतभर नाही, दोन बोटं कमी. विचारलं, "कहाँ का है?" म्हणाला, "बुडा हुआ पुराना जहाज है ना अम्मा, उसके पास का."

लहान हेकरू अख्खा डोक्यासकट टोपात बसतो. मोठ्याचे तुकडे करावे लागतात, मग तो मासा राहत नाही, मटण होतं. तहसीनला लहानपणापासून अख्खा लागतो. गालातलं मांस आधी खाते. खोबऱ्याच्या वाटणात केले. ताट पुसून खाल्लं पोरीनं.

दोघांच्याही पाठीत पिवळा दोरा होता, प्लास्टिकचा, करंगळीएवढा. हमदुल्लानं विळीनं कापायला सांगितलं, "जाल का होगा, अम्मा." चांगला चिवट होता. मी साबणानं धुवून ठेवले. मला पिशव्यांवरची नावं वाचता येत नाहीत, म्हणून फ्रीझरमधल्या वाटणाला मी खुणा करते. लाल रबर म्हणजे तिखट, काही नाही म्हणजे गनीचं. आता पिवळा दोरा म्हणजे कमी तिखट, तहसीनचं. ती स्वतः फ्रीझरला हात लावत नाही. जेमतेम एक गाठ बसते, पण बसते.

११ डिसेंबर, गुरुवार

हमदुल्ला आला. चार हेकरू, वितीखाली दीड-दोन बोटं. चारांनाही पिवळे दोरे. त्याच बुडालेल्या जहाजाजवळचे. मी म्हटलं, तुमचं जाळं फार फाटतं बाबा, शिवून घ्या. तो हसला आणि इकडेतिकडे बघून पेटी झाकली.

वाटणाच्या चार पिशव्या बांधल्या. गॅस बंद केला होता. कुंदाताई, लिहा, बंद केला होता.

२० डिसेंबर, शनिवार

तहसीन आठवडाभर बोलत नाही. आज गनीनं विचारलं तेव्हा म्हणाली, एकही टॅग परत आला नाही. बंदरांवर पाच भाषांत पोस्टर लावलेत, टॅग आणून देणाऱ्याला टोपी आणि टी-शर्ट. तरी कुणी येत नाही. एकोणतीस जानेवारीला मीटिंग आहे. तोवर दहा आले तर तिचं काम पुढे चालेल. नाही आले तर आभाळातले फोटो बंद, पुन्हा समारंभाच्या तारखांना पिल्लं सोडणार, आणि हिचा करार खलास.

"सगळी मेली असतील," ती म्हणाली. "ऑल ऑफ देम. मग मीच चूक."

मी म्हटलं, "टोपीसाठी कोण येणार? बिर्याणी ठेवा."

ती उठून खोलीत गेली. गनी म्हणाला, "अम्मी, जरा." हल्ली या घरात माझी वाक्यं दुसरेच पुरी करतात.

२३ डिसेंबर, मंगळवार

तीन हेकरू. जहाजापासून जरा दूरचे, खडकाळ जागेचे म्हणे. वितीखाली एक बोट. वाढतायत गुलाम. तिघांना दोरे. तहसीनचा चेहरा उतरलाय म्हणून मुद्दाम तिच्या आवडीचे केले. एकच खाल्ला.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

आज कुंदाताईंचे यजमान उल्हासराव जेवायला होते. त्यांच्या घरी मासळी शिजत नाही. ते आमच्याकडे "गनीशी जरा बोलून येतो" म्हणून येतात आणि काटे मोजून जातात. कुंदाताई हे लिहितायत आणि त्यांना सगळं माहीत आहे.

चार हेकरू होते, एकेक बोट कमी. चार दोरे. पुन्हा खडकाळीचे.

उल्हासरावांनी तहसीनला विचारलं, "काय बेटा, तुझ्या माशांचा पत्ता?" ती नाही म्हणाली. मला राहवलं नाही. म्हटलं, "पत्ता कसा लागेल? तिची मासळी सॅटेलाइटवर चढून बसलीय. वरून हात हलवतेय. फोटो आला की दाखवेल."

सगळे हसले. तहसीनच्या बोटांत तेव्हा माशाच्या गालाचा घास होता. तिनं तो ताटात परत ठेवला, हात धुतले, सॉरी अंकल म्हणाली आणि गेली. ताटात अख्खा मासा तसाच. डोळा वर करून माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघितलं.

आज हे सांगताना बरं वाटत नाही. पण कुंदाताई, विनोद चुकला नव्हता. वेळ चुकली असेल.

११ जानेवारी, रविवार

काल मी कुंदाताईंना वाटणाची पिशवी दिली होती. त्यांना तिखट चालत नाही म्हणून पिवळ्या दोऱ्याची. आज त्या पिशवी घेऊन आल्या. चष्मा डोळ्यावर, पिशवी नाकाजवळ.

"मैमुनाबी, या दोऱ्यावर काहीतरी लिहिलंय."

"असेल. कंपनीचं नाव."

"नाही. नंबर आहे. फोन नंबर आहे. इंग्रजीत आणि अरबीत लिहिलंय, हा मासा सापडल्यास कळवा. आणि खाली तहसीनच्या हॅचरीचं नाव आहे." मग त्या थांबल्या. "मासा? हे माशाच्या अंगातलं आहे?"

"साबणानं धुतलाय," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली आणि बोटं साडीला पुसली. शाकाहारी बाई, शेजारधर्मापायी काय वाट्याला आलं! पण त्यांचं तोंड वाईट झालं होतं ते त्यामुळे नाही.

मी खुर्चीवर बसले. मग मला दोन डिसेंबरपासूनचं सगळं दिसायला लागलं. सांगत नाही. वहीत आहेच.

आज एवढंच.

१२ जानेवारी, सोमवार

कुंदाताई म्हणतात, आज सांगायलाच हवं, म्हणून सांगते.

तहसीन कामावर गेल्यावर मी फ्रीझर उघडला. पिशव्यांच्या गाठी सोडल्या. ज्या पिशव्या संपल्या होत्या त्यांचे दोरे चमच्यांच्या खणात होते, तेही काढले. ओट्यावर तेरा दोरे ठेवले. मोजता येतं मला, मासळीवाली आहे. तेरा.

मग जे केलं ते हे. पाच दोरे मुठीत घेतले आणि बाहेर पॅसेजमध्ये कचरा टाकायचं लोखंडी दार आहे तिथे गेले. टाकले. नवव्या मजल्यावरून खाली जाताना आवाजसुद्धा झाला नाही. मनात होतं, खुणाच राहिल्या नाहीत तर मी काही खाल्लंच नाही. पोर तशीही हरणारच होती, निदान दादीमुळे हरली असं नको.

सहावा उचलायला परत आले आणि उरलेले मोजले. आठ. दहा लागतात.

लिफ्टनं खाली गेले. पायात घरातल्या सपाता. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. वॉचमन म्हणाला, "अम्मा, सोना गिर गया क्या?"

आठ दोरे चहाच्या डब्यात ठेवलेत. डबा वरच्या फळीवर. कुंदाताईंना म्हटलं, तुमची शपथ आहे. त्या म्हणाल्या, "माझी शपथ लिहिण्यापुरती होती, लपवण्यापुरती नव्हती." पण गप्प राहिल्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

हमदुल्लाला खाली गाठलं. म्हटलं, हे आठ दोरे तू घे, नंबरावर फोन कर, म्हण मला सापडले, टोपी पण तूच घे. तो मागे सरकला. "अम्मा, इतना छोटा हामूर पकड़ना मना है. मुखालफा लगेगा, जुर्माना, मेरा भी, कप्तान का भी. पोस्टर मैंने भी देखा है. इसीलिए तो आपको बेचा. आप तो कुछ पूछती नहीं." मग पेटी उचलून गेला. आता येणार नाही.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि मला काही विचारायचं नसतं हेही त्याला ठाऊक होतं.

आता खरं सांगते. कुंदाताई, पेन थांबवू नका. त्याचं नाव हमदुल्ला नाही. पहिल्या दिवशीच मी तुम्हाला खोटं नाव सांगितलं होतं. बुडालेलं जहाज आणि खडकाळ जागा खरी, नाव तेवढं मी बनवलेलं. का? कारण वितीखालची मासळी घेतेय हे मला तेव्हाही कळत होतं. चाळीस वर्षं मी पाटी घेऊन बाजारात बसले. तराजू कधी धरला नाही, वीत हेच माप. माझ्या सासूचा नियम होता, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत भरला नाही तर हेकरू खाडीत परत. एकदा मी लपवून एक विकला तर तिनं गिऱ्हाइकामागे धावत जाऊन परत आणला होता आणि मेलेला असूनही खाडीत सोडला, मला शिकवायला. तो नियम मी इथे आणला नाही. म्हटलं, हा समुद्र माझा थोडाच आहे.

म्हणून दोरा कसला ते मी विचारलं नाही. वाचता येत नाही हे खरं. पण कुणाला वाचून दाखव म्हणायला अक्षर लागत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

तहसीन दुसऱ्या नोकऱ्या बघतेय. दुबई मरीनात कुठल्याशा हॉटेलात शोभेच्या माशांची मोठी काचेची टाकी आहे, तिची देखभाल. गनी म्हणाला, पगार चांगला आहे. मी डाळ वाढली. गेले दहा दिवस या घरात मासळी नाही. तिनं विचारलं, "दादी, फिश का नाही?"

मी म्हटलं, मासेवाला गावी गेला.

पोरीनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

२७ जानेवारी, मंगळवार

आज सांगितलं. असरची नमाज झाली होती, तहसीन लवकर आली होती, गनी रस्त्यात होता. कुंदाताई वही घेऊन बसल्या होत्या. मी चहाचा डबा खाली काढला आणि तिच्यासमोर उपडा केला.

तिनं एक दोरा उचलला. दुसरा उचलला. मग सगळे जमिनीवर एका ओळीत मांडले आणि तशीच खाली बसली.

"व्हेअर डिड यू गेट दीज?"

"टोपातून," मी म्हटलं. "आणखी पाच होते. ते मी फेकले."

"फेकले? व्हाय?"

सांगितलं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मला जमलं असतं, बाजारात बसलेली बाई आहे. ती न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा ऑफिसचा आवाज घेऊन आली. कुठल्या तारखेला? किती? केवढे? कुठले?

मी म्हटलं, "वहीत आहे."

तिला मराठी वाचता येत नाही, शाळेत हिंदी होती. आता घरात एकीला अक्षरच येत नाही आणि दुसरीला हे अक्षर येत नाही. कुंदाताईंनी वाचलं. पहिल्या पानापासून. मी समोर बसले होते, उठायची सोय नव्हती.

माझे विनोद मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकले. प्लीजचा अर्थ. कानातला बिल्ला. प्रेत. बिर्याणी. बोलताना प्रत्येक वेळी कुणीतरी हसलं होतं. आज कुणी हसत नव्हतं आणि हसणं काढून घेतलं की खाली काय उरतं ते ऐकू येत होतं. तहसीन प्रत्येक तारखेला लॅपटॉपवर काहीतरी टिपत होती. दोन, चार, तीन.

दोन जानेवारीच्या पानाशी कुंदाताई अडखळल्या. चार दोरे, खडकाळ जागा, एवढं वाचून पान उलटायला लागल्या.

मी म्हटलं, "पुढचं वाचा."

"मैमुनाबी, ते कामाचं नाही."

"वाचा."

त्यांनी वाचलं. सॅटेलाइटवर चढून बसलेली मासळी. परत ठेवलेला घास. तहसीनची बोटं थांबली. तिनं वर बघितलं, पण माझ्याकडे नाही, ओट्याकडे.

"आय वॉज इटिंग इट," ती म्हणाली. "माझ्या हातात होता तो."

मग तिनं जमिनीवरचे दोरे पुन्हा मोजले आणि स्वतःशीच म्हणाली, "ऑल यलो." कुंदाताईंनी विचारलं म्हणजे काय. समारंभाच्या दिवशीच्यांना निळे दोरे होते, भांगेला सोडलेल्यांना पिवळे. आम्ही खाल्लेल्यांत निळा एकही नव्हता. निळे म्हणजे पुनवेच्या उधाणाचे, माझ्या सल्ल्याचे.

तिचं बरोबर होतं. दोन महिने ती बरोबर होती आणि मी ते शिजवत होते.

वही ती घेऊन जाणार आहे. मी म्हटलं, त्यात तुझ्या ऑफिसनं वाचू नये असं पुष्कळ आहे माझ्याबद्दल. ती म्हणाली, "आय नो."

३० जानेवारी, शुक्रवार

ही नवी वही. हिच्यावर मोर आहे. जुनी ऑफिसला गेली, माझ्या सगळ्या शहाणपणासकट.

काल मीटिंग झाली. तहसीननं मला सांगितलं नाही, गनीला सांगितलं, मी ऐकलं. आठ दोरे धरले. पाच नुसते वहीतले, त्यावर वाद झाला. एक साहेब म्हणाले, ही काय नोंद आहे, एका म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरातली? नबिला मॅडमनी कुणाकडून तरी त्या पानांचं भाषांतर करून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, बाईनं प्रत्येक वेळी जागा सांगितलीय, माप सांगितलंय, आणि हे माप वाढत गेलंय, तेही कुणाला काही पटवून द्यायचं नसताना. दोन बोटं कमी, मग दीड, मग एक. त्यांची आजीसुद्धा वितीनंच मोजायची, त्यांच्यात शिबर म्हणतात. पण वीत म्हणजे किती ते कागदावर पाहिजे. सोमवारपर्यंत. माप जुळलं तर पाच धरू, मग तेरा होतात. होडीवाल्याचं नाव विचारलं, तर तहसीन म्हणाली, वहीत आहे ते खोटं आहे आणि खरं मला माहीत नाही. हे खरंच आहे.

आज जुम्म्याची नमाज झाल्यावर ती कोरे कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन आली. मंगळवारपासून माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. "दादी, हात."

मी हात टेबलावर ठेवला आणि बोटं ताणली. चांगली फाकवली, करंगळी दुखेपर्यंत. मासे जितके मोठे भरतील तितकं पोरीचं भलं, एवढं गणित मला येतं.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "नको, दादी. डोंट स्ट्रेच. बाजारात लावायचीस तशी लाव."

एवढं सगळं झाल्यावरही मी हेच करायला निघाले होते. मान वर करवेना.

हात सैल सोडला. सासूनं शिकवली होती तशी वीत, ना ताणलेली ना आखडलेली. तिनं माझं मनगट धरलं. धरलं ते मापासाठी, मला माहीत आहे. तरी गरम होतं. अंगठ्यापासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. एकदा झालं, नवा कागद घेतला. परत. दहा वेळा. मग एक बोट, दोन बोटं, दीड बोट. पट्टी लावून आकडे लिहीत होती. किती आले ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टेबलावर माझे दहा हात पडले होते, सगळे रिकामे.

प्रत्येक वेळी पेन्सिल मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात गेली की मला गुदगुल्या व्हायच्या. जिभेवर एक वाक्य आलं होतं, चांगलं होतं, गनी ठसका लागेपर्यंत हसला असता.

मी ते गिळलं. हात हलू दिला नाही.